पावसाळ्यात कळकलेल्या सम्राज्ञी: एका लहान रोमन नाणेसंग्रहाचे प्रकरण

हे प्रकरण कोकणातल्या एका घरातले आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. गाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील काढले आहेत. नाण्यांचे वर्णन मात्र पूर्ण दिले आहे, कारण जे झाले ते त्यांच्या धातूमुळे झाले.

पार्श्वभूमी

अण्णा नोकरीनिमित्त १९ वर्षे जर्मनीत होते. तिथे त्यांना प्राचीन रोमन नाण्यांची गोडी लागली. सम्राटांची नाणी सगळेच जमवतात, आपण राजघराण्यातल्या स्त्रियांची जमवू, असे त्यांनी पहिल्या वर्षीच ठरवले. त्यामागे विचार होता. या स्त्रियांबद्दल रोमन इतिहासकारांनी जे लिहून ठेवले आहे त्यात द्वेष आणि कुचाळकी भरपूर. नाण्यावर दरबाराची अधिकृत बाजू असते. ती खरी असते असे नाही, पण दुसरी बाजू असते. एकीकडे कारस्थानी म्हणून रंगवलेली बाई दुसरीकडे मांडीवर मूल घेऊन, डोक्यावर पदर घेऊन, ‘लज्जा’, ‘सुफलता’, ‘एकोपा’ अशा देवतांच्या शेजारी उभी दिसते.

त्यांनी ब्राँझ आणि पितळेचीच नाणी घेतली. सेस्टर्शियस हे मोठे नाणे तीस मिलिमीटरहून रुंद आणि वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचे असते. त्यावर चेहरा खुलून येतो. चांदीच्या लहान नाण्यावर केसांची ठेवण भिंगातून बघावी लागते, इथे ती हाताच्या अंतरावरून कळते. आणि या नाण्यांत केशरचना म्हणजे कालदर्शिकाच.

संग्रहात एकूण १४ नाणी होती. सगळ्यात जुने क्लॉडियस बादशहाने आपल्या आईसाठी, आंतोनियासाठी पाडलेले ड्युपाँडियस, म्हणजे सेस्टर्शियसपेक्षा लहान पितळी नाणे. मग हेड्रियनची पत्नी सबीना, दोघी फाउस्तिना (आई आणि मुलगी), धाकटीची मुलगी ल्युसिला, सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी युलिया दोम्ना, तिच्या बहिणीची मुलगी युलिया ममाया, आणि शेवटी चौथ्या शतकातली दोन इवलीशी नाणी: कॉन्स्टंटाइनची आई हेलेना आणि त्याची पत्नी फाउस्ता. प्रत्येकाचे विक्रेत्याचे बिल अण्णांनी जपून ठेवले होते.

निवृत्तीनंतर फेब्रुवारीत ते गावी परतले. घर समुद्रापासून दोन किलोमीटरवर. नाणी लाकडी खणांच्या पेटीत, काही प्लॅस्टिकच्या पाकिटांत, कपाटात ठेवली गेली. उन्हाळा गेला, पाऊस आला.

अडचण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. ममायाच्या सेस्टर्शियसवर, मानेजवळ आणि मागच्या बाजूच्या अक्षरांवर, फिकट हिरवी पूड फुटली होती. फाउस्ताच्या नाण्याची मागची बाजू तर पिठी साखर भुरभुरल्यासारखी, फक्त रंग पोपटी. आणखी दोन नाण्यांवर हिरवट चिकट थर होता. जर्मनीत १९ वर्षांत यातले काहीही झाले नव्हते.

मी त्यांना लगेच कळवले: धुऊ नका, पुसू नका, हात लावू नका, मी उद्या सविस्तर लिहितो. अण्णांनी ऐकले. नाणी एका ताटात काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशीची वाट बघत बसले.

गौरी-गणपती तोंडावर होते. अण्णांच्या आई, वय ८४, देवाची सगळी उपकरणी घासायला बसल्या होत्या. समया, ताम्हन, पंचपात्री, देवघरातले टाक. टेबलावरच्या ताटात त्यांना बाईचा चेहरा असलेली हिरवी पडलेली चकती दिसली. तो देवीचा टाक आहे आणि तो कळकला आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी ती चकती चिंचेने घासली, राखेने उजळली आणि टाकांबरोबर वाळत ठेवली.

ते नाणे थोरल्या फाउस्तिनाचे होते. मागे ‘एतेर्नितास’, म्हणजे चिरंतनता. दर्शनी बाजूला ‘दीवा फाउस्तिना’. थोरली फाउस्तिना इ. स. १४० मध्ये वारली, सिनेटने तिला देवत्व दिले, आणि तिचा नवरा आंतोनिनस पायस पुढे १६१ पर्यंत जगला, त्या सगळ्या काळात टांकसाळीने या मृत पत्नीची नाणी पाडली. ‘दीवा’ म्हणजे देवत्व पावलेली. आपली ‘देवी’ आणि ती ‘दीवा’ एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. आजींनी त्या चेहऱ्याला देवी समजून टाकांत ठेवले. नाण्यावर जे लिहिले होते तेच त्यांनी न वाचता ओळखले, असे मी आजही मानतो.

पण नाण्याचा पॅटिना गेला होता. जवळजवळ अठराशे पन्नास वर्षांत धातूवर चढलेला गडद हिरवा, गुळगुळीत थर. या थरातच केसांच्या बटा आणि गालाची गोलाई टिकलेली असते, कारण मूळ पृष्ठभागाचेच त्या थरात रूपांतर झालेले असते. तो घासला की खाली चकचकीत धातू मिळतो, चेहरा मिळत नाही.

निदान

‘कळकणे’ हा आजींचा शब्द इथे चुकीचा नव्हता. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की आंबटपणा तांब्यावर काम करतो आणि ताक कळकते. या नाण्यांतही आम्लच काम करत होते, फक्त ते आतून तयार होत होते.

जमिनीत शेकडो वर्षे पडलेल्या नाण्यात मातीतले क्षार मुरतात. क्लोराइड पॅटिनाच्या खाली जाऊन तांब्याशी जुळते आणि क्युप्रस क्लोराइडच्या रूपात गुपचूप बसते. हवा कोरडी असेल तर ते शतकभरही बसून राहील. ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्याची फिकट हिरवी पूड होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल नव्या तांब्याला खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा पूड. संग्राहक याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. नाव रोगाचे असले तरी यात जंतू नाही. शेजारच्या निरोगी नाण्याला तो सर्दीसारखा लागत नाही. अण्णांची सगळ्यात मोठी भीती तीच होती.

जर्मनीत हिवाळाभर घर तापवलेले, हवा कोरडी. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसेच हे आहे. मीठ बरणीत आधीपासून होते, पाणी हवेतून आले.

दुसऱ्या दिवशी फोनवरून आम्ही एकेक नाणे तपासले. लाकडी टूथपिकच्या टोकाने अलगद स्पर्श करायचा. पॅटिना कठीण असतो, निघत नाही. रोगाची पूड सहज झडते आणि खाली खड्डा दिसतो. ममाया, फाउस्ता आणि ल्युसिला अशी तीन नाणी रोगट निघाली. चिकट थर असलेल्या दोन नाण्यांचे दुखणे वेगळे होते. ती मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत होती. ते प्लॅस्टिक उकाड्यात पाझरते आणि धातूवर हिरवा चिकटा सोडते. दिसायला दोन्ही हिरवेच, पण एक पूड असते, दुसरा गोंदासारखा. हा फरक न कळता सगळ्यांवर एकच इलाज केला असता तर दोन नाणी विनाकारण बिघडली असती.

ममायाला रोग झाला आणि आंतोनियाला झाला नाही, याचेही अण्णांना कोडे होते. दोघी एकाच खणात होत्या. मुख्य कारण मातीचे: कुठले नाणे किती खारट जमिनीत पडले होते यावर बरेच ठरते. धातूही एक नव्हता. पहिल्या शतकातला रोमन पितळेचा धातू, ओरिकॅल्कम, जस्ताने समृद्ध, सोनेरी. जुनी नाणी वितळवून नवी पाडताना दर वेळी जस्त उडून जाते, आणि ममायाच्या काळापर्यंत सेस्टर्शियसमध्ये पितळ नावापुरतेच उरले होते. तो शिसे आणि कथील मिसळलेला ब्राँझ झाला होता.

पर्याय

घरात तीन मते होती. वहिनींचे मत, सगळी नाणी एकदा लिंबू-मिठाने स्वच्छ करून टाकावीत. मीठ म्हणजे क्लोराइडच. रोगाचे कारण वरून चोळण्यासारखे झाले असते. हे समजल्यावर त्यांनी स्वतःच तो विषय सोडला.

अण्णांना नाणी जर्मनीत, ओळखीच्या जाणकाराकडे पाठवायची होती. इथे कायदा आडवा आला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत १०० वर्षांहून जुने कोणतेही नाणे येते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. बाहेरून आणलेले नाणे परत पाठवण्यासाठी परवानग्यांच्या मागे लागावे, तर पावसाळा थांबणार नव्हता. परदेशातून परतणारे किती तरी संग्राहक हा विचार सामान बांधताना करत नाहीत. नाणी आणायची की तिथेच कुणाकडे ठेवायची हा निर्णय विमानात बसण्याआधी घ्यायचा असतो.

तिसरा पर्याय घरीच रासायनिक उपचाराचा. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांच्या द्रावणात नाणी आठवडेच्या आठवडे भिजत ठेवतात, पाणी बदलत राहतात. क्लोराइड हळूहळू बाहेर येते. पण पॅटिनाचा रंग बदलतो, कधी तो सुटूनही येतो. फाउस्ताचे नाणे जेमतेम १९ मिलिमीटरचे, तीन ग्रॅमचे. तिथे चुकीला जागा नव्हती. बेंझोट्रायझोल हे तांब्याची झीज रोखणारे दुसरे रसायन आरोग्याला धोक्याचे आहे. ज्या घरात ८४ वर्षांच्या आजी आहेत तिथे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते वापरणे मला मान्य नव्हते.

मी चौथे सुचवले: आधी फक्त कोरडे करा. बरे करण्याचा विचार नंतर.

केलेली कृती

त्याच संध्याकाळी वहिनींनी घट्ट झाकणाचे दोन मोठे डबे रिकामे करून दिले. तालुक्याच्या गावातून अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक आणला. खोलीत मापक ८८ दाखवत होता. डबा बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ४१, तिसऱ्या दिवशी ३४. चाळीसच्या खाली गेल्याशिवाय निश्चिंत होता येत नाही, पस्तिसाच्या खाली असेल तर उत्तम. रोगट तीन नाणी एका डब्यात, बाकीची दुसऱ्यात. लागण होते म्हणून नव्हे, तर लक्ष ठेवायला सोपे जावे म्हणून.

चिकट नाण्यांची पाकिटे फेकली आणि ती शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढली. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तेल आणि सुगंध असतात, ती वापरू नये.

‘दीवा’चे नाणे अजून उघडेच होते. चिंचेचे आम्ल खाचांत राहिले असणार, म्हणून ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये चार दिवस, रोज पाणी बदलून ठेवले, मग पूर्ण वाळवून डब्यात घातले. गंधकाच्या द्रावणाने खोटा काळेपणा आणायचा का, असे अण्णांनी विचारले. बाजारात तसे करणारे बरेच आहेत. मी नको म्हटले. जे झाले ते नाण्यावर दिसू द्यावे. खोटा पॅटिना चढवला की पुढच्या माणसाला खरे काय ते कधीच कळणार नाही.

ते नाणे हातात घेतल्यावर एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या शतकातली ड्युपाँडियस आणि आस ही दोन नाणी आकाराने जवळजवळ सारखी. किंमत मात्र दुप्पट: एक ड्युपाँडियस म्हणजे दोन आस. सम्राटाच्या नाण्यावर किरणांचा मुकुट असेल तर सहसा ड्युपाँडियस. स्त्रियांच्या नाण्यांवर त्या काळात अशी खूण नव्हती. खांद्यामागे चंद्रकोर पुढे तिसऱ्या शतकात आली. मग ओळखायचे कशावरून? धातूवरून. ड्युपाँडियस पिवळा, आस तांबडा. रोममधल्या भाजीवालीला हे एका नजरेत कळत असे. आज सगळ्यावर हिरवा पॅटिना असतो, म्हणून कॅटलॉगमध्ये निमूटपणे ‘ड्युपाँडियस किंवा आस’ असे लिहितात. अण्णांच्या बिलावरही तेच होते. चिंचेने घासलेली कड आता समईसारखी पिवळी होती. ड्युपाँडियस.

हे कळावे म्हणून नाणे घासणे कधीच समर्थनीय नाही. पण घासले गेलेच होते, तर त्यातून जे कळले ते नोंदवून ठेवायला हवे होते, आणि आम्ही ते नोंदवले. ओळख पुन्हा तपासताना केसही पाहिले: वेणी गुंडाळून माथ्यावर अंबाडा असेल तर थोरली फाउस्तिना, अंबाडा मानेवर असेल तर तिची मुलगी, मार्कस ऑरेलियसची पत्नी. ‘दीवा’ दोघींना म्हटले आहे, त्यामुळे नुसत्या बिरुदावर विसंबता येत नाही. चिंचेनंतरही अंबाडा माथ्यावर दिसत होता. चेहरा मात्र सपाट झाला होता.

आधी कोण

सप्टेंबरमध्ये मुंबईतल्या एका धातू-संवर्धकांनी दोन नाणी बघायची तयारी दाखवली. त्याहून जास्त त्या महिन्यात जमणार नव्हते. रोगट नाणी तीन.

अण्णांना ममाया आधी न्यायची होती. ते त्यांचे पहिले नाणे. किशोरवयीन मुलगा, सेव्हेरस अलेक्झांडर, २२२ मध्ये गादीवर आला, राज्याची सूत्रे आईच्या हाती राहिली, आणि २३५ मध्ये ऱ्हाईनकाठी त्यांच्याच सैनिकांनी दोघांना एकत्र मारले. अण्णांनी ते नाणे त्या जागेपासून फार दूर नसलेल्या शहरात घेतले होते. पण ममायाचे सेस्टर्शियस जाड आहे, कोरड्या डब्यात ते महिनाभर तग धरणार होते.

फाउस्ताची गोष्ट वेगळी. ३२४ मध्ये तिला आणि सासू हेलेनाला बरोबरीने ‘ऑगस्टा’ हे पद मिळाले, दोघींची नाणी सुरू झाली. ३२६ मध्ये आधी सावत्र मुलगा क्रिस्पस आणि पाठोपाठ फाउस्ता, दोघांचा कॉन्स्टंटाइनच्याच हुकमाने अंत झाला. शिलालेखांवरून तिचे नाव खोडले. हेलेनाची नाणी पुढे चालू राहिली, फाउस्ताची थांबली. तिच्या नाण्याच्या मागच्या बाजूला ती स्वतः ‘सालुस’, म्हणजे राष्ट्राचे क्षेमकुशल, होऊन दोन बाळांना छातीशी धरून उभी आहे. पूड नेमकी त्या बाळांवर फुटली होती. पातळ नाणे, वरवरची कोरणी, आणि खड्डा रोज खोल जाण्याची शक्यता. मी सांगितले, फाउस्ता आधी. अण्णा एक दिवस बोलले नाहीत, मग त्यांनी होकार दिला. दुसरे नाणे म्हणून ममायाच गेली. ल्युसिला डब्यात थांबली.

संवर्धकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पूड टोकदार अवजाराने काढली, बेंझोट्रायझोलचे इथेनॉलमधले ३ टक्के द्रावण दिले, वाळवले आणि वरून मेणाचा पातळ लेप दिला. अण्णांना त्यांनी आधीच सांगितले होते: गेलेले परत येणार नाही, पुढचे थांबेल.

निष्पत्ती

ममायाच्या मानेवर दोन खड्डे राहिले. मागच्या ‘फेलिसितास’ या शब्दाची पहिली तीन अक्षरे गेली. चेहरा शाबूत आहे.

फाउस्ताच्या नाण्यावर एक बाळ वाचले, दुसऱ्याच्या जागी खळगा आहे. दर्शनी बाजूचे नाव पूर्ण वाचता येते.

ल्युसिलावरही नोव्हेंबरमध्ये तोच उपचार झाला. पुढच्या जूनमध्ये, जिच्यावर आधी काहीच दिसले नव्हते त्या हेलेनाच्या नाण्यावर तीन हिरवे ठिपके आले. डब्यातले सिलिका जेल मार्चपासून बदललेच नव्हते. निळे दाणे केव्हाच गुलाबी झाले होते आणि मापकाची बॅटरी संपली होती. ठिपके टाचणीच्या टोकाएवढे असतानाच दिसले, म्हणून थोडक्यात निभावले. आता वहिनी दर पंधरा दिवसांनी दाणे ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करतात आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात पहिली चूक फेब्रुवारीतली. कोरड्या देशातून किनाऱ्यावर येणाऱ्या नाण्यांसाठी बंद डबा आणि सिलिका जेल पहिल्या दिवसापासून हवे होते. हा खर्च संग्रहातल्या सगळ्यात स्वस्त नाण्यापेक्षाही कमी आहे.

दुसरी चूक माझी. ‘उद्या सविस्तर लिहितो’ म्हणालो. ‘आत्ता डब्यात तांदळाबरोबर का होईना बंद करा आणि घरात सगळ्यांना सांगा’ असे म्हणायला हवे होते. तांदूळ फार ओलावा ओढत नाहीत, पण झाकण तर लागले असते. मी सूचना फक्त अण्णांना दिली. घरात धातूच्या वस्तूंची निगा राखणाऱ्या आजी होत्या, आणि त्यांच्याशी कुणीच बोलले नव्हते. त्यांना झाला प्रकार कळल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. ते दोन दिवस मला नाण्यापेक्षा जास्त लागले आहेत.

तिसरी गोष्ट नोंदींची. पावसाळ्यापूर्वीचे चांगले फोटो आणि वजने नव्हती. म्हणून ममायाच्या मानेवरचा एक खड्डा जुना की नवा, हे संवर्धकांना ठरवता आले नाही. आता प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन आणि उपचारांची तारीख एका वहीत आहे. ‘दीवा’च्या पानावर अण्णांनी लिहिले आहे: ड्युपाँडियस, चिंचेने स्वच्छ, गौरीपूजनाआधी, आईच्या हातून.

फाउस्ता आधी की ममाया, या निर्णयावर आमचे अजूनही एकमत नाही. अण्णांचे म्हणणे, दुसरे बाळ तोवर गेलेलेच होते. मला तसे वाटत नाही. ऑगस्टच्या फोटोत पुडीच्या खाली त्याचे डोके दिसते.